एका कान्याचं भांडण

४ जून

ताई,

फाडू नकोस. आधी एवढं वाच, मग खुशाल फाड. मला तुझ्याकडून काही नको आहे. म्हणजे एक गोष्ट हवी आहे, पण ती तुझ्याकडे पोत्यानं आहे आणि दिल्यानं कमी होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ.

चौदा वर्षांनी तोंड उघडायचं आणि ते वेलांट्यांसाठी, असं म्हणशील. पण मला काम मिळालंय. संशोधनाचं. हसू नकोस, माझं हसून झालंय.

झालं असं की एक संस्था आमच्या वस्तीचा अभ्यास करते आहे. याआधी तीन अहवाल निघाले. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका एकशे चार, हमाल साठ, शिंपी अकरा आणि शेवटी 'इतर' बत्तीस. हे इतर म्हणजे आम्ही धंदा करणाऱ्या एकतीस जणी आणि कोपऱ्यावरचा जादूगार. त्याला अजून राग आहे.

या वेळच्या मुख्य बाई म्हणाल्या, इतर म्हणजे काय, माणसं आहेत ना, त्यांच्यातलीच एक प्रश्न विचारायला घेऊ. बाई डॉक्टर आहेत, पण पुस्तकांच्या. पहिल्याच दिवशी मावशीनं त्यांना जीभ काढून दाखवली आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ती नीट पाहिलीसुद्धा. (मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी, जिच्या खोलीत मी राहते. आपली मावशी नव्हे. आपल्या मावशीनं मला खोलीत सोडा, पायरीवर घेतलं नसतं.) मावशीला वाचता येत नाही. खोलीतल्या तिसरीला, शिट्टीला, येतं, पण तिच्या पुढच्या दातांत फट आहे, 'स' आला की शिट्टी वाजते आणि समोरचा उत्तर द्यायचं सोडून हसत बसतो. उरले मी. तुझ्या हातच्या छड्या खाऊन शिकलेली.

आता गंमत ऐक. जुन्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: 'सदर कालावधीतील आपल्या लैंगिक भागीदारांची संख्या.' मावशी म्हणाली, भागीदार कसला, धंदा माझा एकटीचा, आजवर कुणाला हिस्सा दिला नाही. लिही शून्य. शिट्टीनंही शून्य सांगितलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. अहवालात चक्क छापून आलं की या वस्तीतल्या 'इतर' लोकांच्या भागीदारांची सरासरी शून्य. आमच्याइतकी सोज्वळ वस्ती पृथ्वीच्या पाठीवर नसेल.

तर ते सगळे प्रश्न माणसांच्या भाषेत आणायचं काम माझ्याकडे आहे. भाषा माझी आहे, वेलांट्या मात्र रामभरोसे. सोबत प्रश्नावली ठेवली आहे, तिकीट लावलेलं पाकीटही आहे. उत्तर लिहू नकोस, नुसती तपासून पाठव. तुझे आशिर्वाद असू देत. नसले तरी प्रश्नावली पाठव.

तुझी धाकटी


१९ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे माझंच मिळालं.

प्रश्नावली तपासायला सांगितली होती, तू पत्रही तपासलंस. लाल शाई, बारीक अक्षर, समासात रेघ. स्वतःचा एक शब्द नाही. 'आशिर्वाद'मधली शि तू दीर्घ केलीस. आशीर्वाद मिळाला असं म्हणत नाही, दुरुस्त होऊन आला एवढंच म्हणते. गुण द्यायचे तेवढे राहिले.

आणि काने. ते मी आधी पाहिलेच नाहीत. शिट्टीनं दाखवले. मी जिथं 'राहते' लिहिलं होतं तिथं मात्रेच्या खाली तू एक नाजूक लाल उभी रेघ ओढलीस. राहतो. 'उरले मी'चं उरलो मी. एकही सोडलं नाहीस. सहीतली 'धाकटी'ची वेलांटी काढलीस आणि तिथंही काना. ताई, आपल्या दोघींचं एवढं मोठं भांडण, आणि मोजायला बसलं तर एका कान्याचं निघालं.

असो. तू काने घाल, मी 'आले-गेले' लिहीन. दोघींनाही काम राहील.

मुलाखती सुरू झाल्या. तुला माहीत नसेल, पण अभ्यास करायला येणाऱ्यांना काय आवडतं हे आम्हाला पाठ आहे. लहानपणी मार, मग घराबाहेर, मग फसवणूक, शेवटी डोळ्यांत पाणी. अर्ध्या तासात सांगून होतं. शिट्टी तर सरळ एका जुन्या सिनेमाची गोष्ट सांगते. मध्यंतरानंतर तिला आगीतून वाचवतात. लिहून घेणाऱ्यानं आजवर कधी विचारलं नाही की आग कुठं लागली होती.

मावशीकडे गेले तर तिनंही पदर डोळ्यांना लावून तेच सुरू केलं. मी म्हटलं, मावशी, मी आहे. ती म्हणाली, अगं हो की, मग काय सांगू? आणि पदर परत खांद्यावर घेतला. खरं सांगायची तिला सवयच नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं ना. मग म्हणाली, लिही: दवाखान्यात मी खोकला घेऊन जाते आणि ते मला साडी सोडायला सांगतात. तीनदा सांगून पाहिलं, खोकला इथं वर असतो. आता मी खोकला घरीच ठेवते.

मी हसत हसत लिहून घेतलं आणि मग हसू आलं नाही.

आता एक कबूल करायचं आहे. नियम असा की प्रश्न विचारणारीनं स्वतःही मुलाखत द्यायची. एक्केचाळिसावा प्रश्न: 'घरच्यांपैकी कुणी संपर्कात आहे का?' दोन चौकोन, होय आणि नाही. आजवर वेगवेगळ्या संस्थांच्या सात पाहण्यांत मी तुला मारून टाकलेली आहे. पहिल्यांदा तुला काविळ झाली. मग गाडीखाली आलीस. एकदा बाळंतपणात गेलीस, तेव्हा लिहून घेणारी मुलगी इतकी रडली की पुढच्या दोन वेळा मी तेच बाळंतपण वापरलं. आईबाबांना मारायची गरज पडली नाही. आई गेल्याचं मला कुणी कळवलं नाही, पण गेली होती.

या वेळी खरं सांगायचं आहे आणि काय सांगावं कळत नाही. स्वतःचंच पत्र लाल होऊन परत येणं, याला संपर्क म्हणतात का? बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ते तुम्हीच ठरवा. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. माझी मुलाखत मी सगळ्यात शेवटी ठेवली आहे.

तुझी धाकटी


११ जुलै

ताई,

दुसरं पत्रही आलं. तू 'काविळ'ची 'कावीळ' केलीस. ज्या रोगानं मी तुला मारली तो शुद्ध लिहिला गेला पाहिजे, हा तुझा बाणा मला फार आवडला. आम्ही तिघी खाटेवर लोळून हसलो.

काने नेहमीप्रमाणे सगळे जागच्या जागी.

फक्त आईच्या ओळीत चूक नव्हती, ती ओळ मी तीनदा तपासून लिहिली होती. तरी तिथं लाल शाईचा एक ठिपका आहे. पेन टेकवून उचलल्यासारखा. मी त्यावर बराच वेळ बोट ठेवून बसले होते. तो ठिपका बाकी कुणाला दाखवला नाही.

तू ठिपका ठेवलास तर मीही काहीतरी ठेवायला हवं. तुझ्या सत्काराच्या दिवसाचं बोलू या. आदर्श शिक्षिका म्हणून तुला शाल मिळाली तो दिवस. ती गोष्ट मी इथं गेली चौदा वर्षं सांगते. मी निळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते, बहिणीचं कौतुक पाहायला, आणि मुख्याध्यापकांनी विचारल्यावर तू म्हणालीस, 'मी ह्यांना ओळखत नाही.' इथं ऐकणाऱ्या सगळ्या जणी तुला शिव्या घालतात आणि मला चहा करून देतात.

जे मी सांगत नाही ते हे. मला बोलावलं नव्हतं. मी थोडी घेऊन आले होते. थोडी म्हणजे तुला माहीत आहे. तू भाषणाला उभी राहिलीस तेव्हा मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, एकदा नाही, प्रत्येक वाक्याला. तू अलंकारांवर बोलत होतीस. पोरं बाकांवर चढली. तुझी शाल खाली पडली आणि ती उचलायला मीच स्टेजवर आले.

त्यात माझी चूक होती. चौदा वर्षांत कुणालाच सांगितलं नाही, कारण मग चहा बंद झाला असता.

आणि अजून एक, हे मला अलीकडेच सुचलं. तू 'ह्याला' म्हणाली नाहीस. 'हिला' म्हणाली नाहीस. 'ह्यांना' म्हणालीस. एवढ्या रागातसुद्धा तू लिंग टाळलंस. तेव्हा मला वाटलं परकं केलंस. आता वाटतं, मराठीच्या बाईंना भर सभेत चूकही करायची नव्हती आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

तुझी धाकटी


५ ऑगस्ट

ताई,

या वेळी पत्र परत आलं नाही. सत्कारातल्या त्या शिट्टीची आठवण काढायला नको होती, कळलं. पण आता मला तुझी खरोखर गरज आहे, तेव्हा रुसवा जरा बाजूला ठेव.

माझी सोडून आमच्या तीस मुलाखती छापायला गेल्या होत्या. त्याआधी संस्थेच्या मुद्रितशोधकांनी तपासल्या. हा अगदी तुझ्याच पंथातला माणूस आहे. पांढरा सदरा, खिशाला लाल डाग. त्यांनी फॉर्मवर पहिल्या ओळीत 'जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग: पुरुष' असं वाचलं. खाली सगळीकडे 'गेले, बसले, म्हणाले'. एवढी अशुद्धी पाहून त्यांना झोप लागेना. तीन आठवडे बसून त्यांनी एकेका मुलाखतीत काने घातले. दोनशे बारा पानं. एकही चुकवला नाही.

मी खोलीत सगळ्यांना वाचून दाखवायला बसले. 'मी नटून दारात उभा राहिलो. मी केसांत फुलं माळली आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलो.' शिट्टीनं मला थांबवलं. म्हणाली, 'हा माणूस कोण आहे? बरा वाटतो, पण माझी फुलं का घातलीत त्यानं?' सगळ्या हसल्या. मग मावशीचं आलं. 'मी खोकला घेऊन गेलो.' मावशीनं विचारलं हे कुणाचं. मी म्हटलं, तुझं.

ती म्हणाली, 'साठ वर्षांत एकदाच खरं बोलले, ते पण दुसऱ्याच्या तोंडी घातलं?'

कुणी हसलं नाही, ताई. ती भिंतीकडे तोंड करून पडली. आता सगळ्यांचं ठरलंय की काने गेले नाहीत तर आपापली मुलाखत परत घ्यायची. तीस तारखेला छपाई आहे. मुलाखतीच नसतील तर मावशीच्या खोकल्याचं कुणाला कळणार नाही, दवाखाना आहे तसाच राहील आणि आम्ही पुन्हा इतर.

बाई आमच्या बाजूनं आहेत, पण व्याकरण म्हटलं की त्यांनाही घाम फुटतो. मुद्रितशोधक म्हणतात, माझं कुणाशी वैर नाही, कुणी जाणत्यानं लेखी द्यावं, मी आनंदानं काढतो. आम्हाला जाणता कुणी माहीत नाही. एकच आहे, आणि तिला मी सात वेळा मारलेली आहे.

तुला आठवतं, सातवीत तू मला यादी घोकायला लावली होतीस? दोन्ही लिंगांत चालणारी नामं. तो बाग, ती बाग. तो वेळ, ती वेळ. तो तंबाखू, ती तंबाखू. तो ढेकर, ती ढेकर. मी विचारलं होतं, ताई, माणसांचं असं असतं का? तू म्हणालीस, परीक्षेत येत नाही.

आता आलंय. चौतीस वर्षं तू पोरांना शिकवलंस की मराठीत लिंग वस्तूत नसतं, बोलण्यात असतं. ढेकर तुझ्याकडून पास होतो आणि होते. जी सवलत ढेकराला आहे ती सख्ख्या बहिणीला नाही? एक ओळ लिही. माझ्यासाठी नको. मावशीच्या खोकल्यासाठी लिही.

तुझी धाकटी


२० ऑगस्ट

ताई,

पंधरा दिवस झाले. टपालवाला आता मला पाहिलं की लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

तुझी शाई वाया जायला नको, म्हणून हे पत्र तुझ्या व्याकरणात लिहितो. सकाळी उठलो. चहा घेतला. संस्थेत गेलो. मुद्रितशोधकांसमोर बसलो. त्यांना बाग, वेळ, ढेकर सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पण ढेकर स्वतःबद्दल बोलत नाही. यावर मी नमस्कार केला आणि परत आलो.

बघ, किती शुद्ध. काना घालायला कुठं जागाच नाही. फक्त एवढं लिहूनच दमलो. दिवसभर दुसऱ्याचे जोडे घालून हिंडल्यासारखं झालंय.

तीस तारखेला सकाळी सगळ्या जणी जाऊन आपापले कागद परत घेणार आहेत. बत्तिसातून एकतीस गेले, उरला जादूगार. परत घ्यायला आधी द्यायला हवी, म्हणून मी माझी मुलाखत आज रात्री लिहून टाकणार. एक्केचाळिसाव्याला 'नाही'वर खूण. या वेळी तुला मारणार नाही, एवढं वचन देते.

तुझा धाकटा


२ सप्टेंबर

ताई,

एकोणतीस तारखेला टपालवाला धावत आला. पाकीट इतकं जाड की त्याला वाटलं माझं लग्न ठरलं.

तिन्ही पत्रं एकदम. सत्काराच्या पत्रात तू फक्त एक खूण केलीस. 'तू अलंकारांवर बोलत होतीस' इथं अलंकार खोडून समास लिहिलंस. माझी तक्रार नाही, मी शिट्टी वाजवत होते, विषय कुठला लक्षात राहणार. तुझ्यामाझ्यात तेवढीच दुरुस्ती बाकी होती असं मी धरून चालते.

काने मात्र कुठंच नव्हते. पहिल्या दोन्ही पत्रांत 'बसले, आले, सांगते', जसंच्या तसं. मग मी शेवटचं पत्र उघडलं, शुद्ध मराठीतलं. त्यावर लाल रंग सांडला होता. लिहितो, उठलो, गेलो, बसलो, आलो, दमलो. सहाच्या सहा ठिकाणी तू काना खोडलास. पट्टी लावून, सरळ. मात्रा तेवढी राहिली. 'वचन देते' मी चुकून लिहून गेले होते, त्याला तू बरोबरची खूण केलीस. आणि सहीत 'तुझा धाकटा'वर काट मारून शेजारी तुझ्या अक्षरात 'तुझी धाकटी'. हे तू लिहिलंस, ताई. तुझ्या हातानं.

मी रडले हे लपवत नाही. शिट्टी म्हणाली, नापास झालीस का? इतकं लाल तिनं फक्त नापासांच्या पेपरवर पाहिलंय.

ढेकराच्या ओळीशेजारी, समासात, तू लिहिलं होतंस: 'प्रथमपुरुषी क्रियापदाचं लिंग बोलणारी ठरवते, तपासणारा नव्हे.' खाली सही, निवृत्त मराठी शिक्षिका, नोकरीची चौतीस वर्षं. 'बोलणारी' शब्दाखाली रेघ.

तीस तारखेला सकाळी आम्ही एकतीस जणी संस्थेत गेलो. (हा काना राहू दे, अनेकवचनात तो सगळ्यांनाच असतो.) मावशी सर्वांत पुढे, कागद परत घ्यायच्या तयारीनं. मी पान मुद्रितशोधकांपुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आधी म्हणाले, काय सुरेख अक्षर आहे. मग म्हणाले, या बाईंनी चौतीस वर्षं शिकवलं असेल तर माझी काय टाप. छपाई तीन दिवस पुढे ढकलली आणि त्याच लाल पेनानं काने काढायला बसले. बसल्या बसल्या मावशीला विचारलं, तुमचा खोकला आता कसा आहे? मावशीनं त्यांनाही जीभ काढून दाखवली.

ती आज सकाळपासून खोलीत तिचंच पान वाचून घेते आहे. पाच वेळा झालं. 'मी खोकला घेऊन गेले.' दर वेळी म्हणते, हां, ही मी. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी अहवाल मागवला आहे. काय करतील देव जाणे, पण या वेळी खोकला कुणाचा ते त्यांना कळेल.

माझ्या मुलाखतीत मी एक्केचाळिसाव्या प्रश्नावर 'नाही'ची खूण केली होती, सांगितलं होतं तुला. ती मी खोडली. स्वच्छ, पट्टी लावून. शेजारी 'होय'. बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, संपर्क कोणत्या प्रकारचा? मी म्हटलं, लेखी.

शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी तू दोन शब्द लिहिलेस, ते मी कुणाला दाखवले नव्हते. काल मावशीनं पाकीट झटकलं तेव्हा शिट्टीनं पाहिलेच. ती म्हणाली, बघ, सांगत होते ना नापास झालीस. आमच्या शाळेतल्या बाई वही फेकताना हेच लिहायच्या.

मलाही तू लिहायचीस, शुद्धलेखनाच्या प्रत्येक वहीवर. तेव्हा मी ते वाचून रडायचे आणि हात दुखतो म्हणून सांगायचे. आता हात दुखत नाही.

'पुन्हा लिही.'

हे घे, लिहिलं.

तुझी धाकटी